तुरुंगाची भिंत आणि कैफाची वाट



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. बाहेर मोगरा फुललेला, दिवसभराच्या उन्हानंतर कुठे वारा सुटलेला, आणि अशा संध्याकाळी ऐकायचे काय, तर तुरुंग, झडत्या आणि गर्दाच्या पुड्या! पण हा विषय आम्ही आपखुशीने घेतलेला नाही. तो आमच्यावर एका बाईंनी टाकला आहे. काही वर्षांपूर्वी एका गावी व्यसनांविषयी आमचे भाषण झाले. सभा उठली, माणसे पांगली, आणि एक पोक्त बाई पदर सावरीत पुढे आल्या. म्हणाल्या, "साहेब, माझ्या पोराला पोलिसांनी नेलं. आत आहे तो. मी रडले नाही बघा. म्हटलं, बरं झालं. निदान तिथं तरी त्याला ते मिळायचं नाही. सुटंल ना हो?"

मुलगा सुटेल असे त्यांना विचारायचे होते की व्यसन सुटेल असे, हे आम्हाला क्षणभर उमगले नाही. त्यांना अर्थातच दुसरे विचारायचे होते. आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. ते उत्तर आमच्याकडे थकले आहे, आणि आज ते चुकते करण्याचा विचार आहे.

बाईंची समजूत भाबडी म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती आपल्या सर्वांचीच आहे. तुरुंग म्हणजे झाकण घट्ट लावलेला डबा, अशी आपली कल्पना असते. पण या डब्यात रोज काय काय जाते ते एकदा मोजून पाहावे. पहाटे दूध जाते, भाजीची गाडी जाते, धान्याची पोती जातात. सकाळी कोर्टात नेलेले कैदी संध्याकाळी परत येतात, आणि त्यांच्याबरोबर नवे येतात. मुलाखतीच्या दिवशी नातलगांची रांग लागते. वकील येतात, डॉक्टर येतात, टपाल येते, आणि दिवसातून अनेकदा शिपायांच्या पाळ्या बदलतात. तुरुंग हे वस्तुतः एक गाव आहे, आणि गावात जे जे खपते ते ते आत आणण्याची खटपट कोणीतरी करणारच. चपलेच्या तळात, शिवणीच्या दुमडीत, खुद्द शरीराच्या आत लपवून माल नेला जातो. चेंडू कापून त्यात पुडी भरतात व तो भिंतीवरून आत भिरकावतात. ही युक्ती सातासमुद्रापलीकडेही चालते आणि आपल्याकडेही चालते. आत शंभर माणसांना एखादी वस्तू हवी असेल आणि ती विकून बाहेर कोणाला पैसा करायचा असेल, तर भिंतीच्या उंचीने त्या वस्तूचा भाव तेवढा वाढतो.

यावर कोणीही म्हणेल, मग पकडा त्यांना! झडत्या घ्या, कुत्री ठेवा, यंत्रे बसवा, लघवी तपासा. अगदी रास्त म्हणणे आहे. आणि हे सारे ज्या देशाने मोठ्या नेटाने करून पाहिले, आणि त्यात जे जे घडले ते लपवून न ठेवता छापून टाकले, त्या देशाची हकीकत आज आम्ही मुख्यतः सांगणार आहोत. तो देश इंग्लंड. आपले तुरुंग, त्यांचे नियम, शिपाई आणि अधीक्षक ही उतरंड आपण त्यांच्याकडूनच घेतली. तेव्हा त्यांच्या अनुभवावर आपलाही थोडा हक्क पोहोचतो.

इंग्लंडात १९९४ साली कायदा झाला आणि तुरुंगाधिकाऱ्यांना कैद्यांची लघवी सक्तीने तपासण्याचा अधिकार मिळाला. १९९५ मध्ये काही तुरुंगांत प्रयोग होऊन १९९६ पर्यंत ही पद्धत सगळीकडे लागू झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कैद्यांची नावे काढायची, त्यांना बोलवायचे, आणि लघवीत दोष सापडला तर शिक्षेचे दिवस वाढवायचे. कल्पना साधी आणि वरवर पाहता बिनतोड. परंतु येथे शरीरशास्त्र आडवे आले. गांजातले मुख्य द्रव्य चरबीत विरघळते, तेथे मुरते, आणि हळूहळू बाहेर पडते. नेहमीच्या गंजेटीच्या लघवीत ते तीन-चार आठवड्यांनंतरही सापडू शकते. आपण ज्याला गर्द म्हणतो त्या हेरॉइनची खूण मात्र दोन-तीन दिवसांत नाहीशी होते. आता कैद्याच्या जागी स्वतःला ठेवून हिशेब करा. शनिवारी गांजा ओढला तर महिनाभर मानेवर तलवार. शनिवारी गर्द घेतला तर मंगळवारी माणूस कागदोपत्री स्वच्छ. या चाचणीमुळे कैदी गांजाकडून गर्दाकडे ढकलले जात आहेत अशी ओरड लगेच सुरू झाली. अभ्यासकांत वादही झाला. चाचणीच्या धाकाने गांजा सोडणारे काहीजण निघाले, आणि गर्दाकडे वळणारेही निघाले. प्रमाण काहीही असो, सौम्य नशेला अधिक धोका आणि जहाल नशेला कमी धोका, असे बक्षीस वाटणारी ही चाचणी होती, एवढे कबूल केलेच पाहिजे.

पुढची गोष्ट याहून विलक्षण आहे. अमेरिकेत जॉन हफमन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. गांजा मेंदूवर काम कसे करतो हे समजून घेण्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेत शेकडो नवी द्रव्ये बनवली, आणि त्यांना आपल्या नावाची आद्याक्षरे व क्रमांक दिले. हेतू निखळ विद्येचा. पण त्यांचे निबंध इतरांनीही वाचले, आणि २००८ च्या अखेरीस युरोपच्या बाजारात 'स्पाइस' नावाने विकल्या जाणाऱ्या सुगंधी पाल्यावर त्यांतलेच एक द्रव्य शिंपडलेले आढळले. गांजा मेंदूतल्या ज्या कळीवर हलकेच बोट ठेवतो, ती कळ ही कृत्रिम द्रव्ये पूर्ण दाबतात. माणूस उभ्याउभ्या थिजतो, झटके येतात, भ्रम होतो, कधी हृदय थांबते. आणि तुरुंगाच्या दृष्टीने यांचे तीन गुण फार मोलाचे ठरले: वास नाही, रंग नाही, आणि त्या काळच्या चाचणीत सापडणे नाही.

बस्स! जणू तुरुंगासाठीच घडवलेली नशा. कुत्र्यांनी जुन्या नशेचा वास ओळखला, चाचणीने तिची खूण ओळखली, झडतीने पुडी ओळखली. तेव्हा ज्या नशेला वास, खूण आणि पुडी यांपैकी काहीच लागत नाही ती पुढे आली. हे द्रव्य एखाद्या द्रावणात विरघळवतात, कागदावर फवारतात आणि कागद वाळवतात. मग तो कागद म्हणजे आईचे पत्र असेल, मुलाने काढलेले घराचे चित्र असेल, किंवा वकिलाचा लखोटा असेल. आत गेल्यावर त्याचे टिकलीएवढे तुकडे करून विकतात. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. त्यामुळे एका तुकड्यात काहीच नसते आणि शेजारच्या तुकड्यात माणूस मारण्याइतके असते. काही कैदी नवा कागद आधी एखाद्या दुबळ्या, कर्जबाजारी सोबत्याला ओढायला लावून त्याचे काय होते ते पाहत असत. या तुरुंगांत रुग्णवाहिका इतक्या वेळा येऊ लागल्या की कैद्यांनी तिला त्या नशेच्या नावावरून टोपणनाव ठेवले. तुरुंगातील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या लोकपालांनी जून २०१३ ते सप्टेंबर २०१६ या काळातील ७९ मृत्यूंमध्ये अशा नव्या द्रव्यांचा संबंध असल्याची किंवा असण्याच्या शक्यतेची नोंद केली. २०१६ साली ही द्रव्ये कायद्याने बंद झाली, चाचणीही आली. पण रसायनातला एखादा अणू इकडचा तिकडे केला की नवे द्रव्य तयार होते, आणि चाचणी पुन्हा मागे पडते.

मग टपाल रोखले. पत्राला पुसून त्यावरचे कण हुंगणारी यंत्रे बसली. स्कॉटलंडने डिसेंबर २०२१ पासून कैद्याच्या पत्राची झेरॉक्स करून ती त्याला द्यायची आणि मूळ पत्र बाजूला ठेवायचे, असा नियम केला. आम्ही त्या अधिकाऱ्यांना दोष देणार नाही. माणसे मरत होती. पण चार वर्षांच्या मुलीने तेलखडूने रंगवलेला सूर्य बापाच्या हाती काळाकरडा होऊन पडतो, यातही काही जाते, हे ज्यांनी तुरुंगातून आलेली वा तुरुंगात गेलेली पत्रे जपून ठेवली आहेत त्यांना सांगायला नको. मराठी घरांत अशी पत्रे पुष्कळ आहेत.

टपालाचे दार बंद होत आले तेव्हा आकाश उघडले. आता ड्रोन नावाची लहान विमाने रात्री थेट कोठडीच्या खिडकीशी येतात. इंग्लंडच्या तुरुंग-निरीक्षकांनी २०२४ च्या शरद ऋतूत मँचेस्टरच्या तुरुंगाची पाहणी केली. तेथे कैदी चहाच्या विजेच्या किटलीतले तापणारे वेटोळे काढून त्याने खिडकीच्या जाड प्लास्टिकला भोके पाडत होते, आणि त्या भोकातून ड्रोनचा माल घेत होते. सक्तीच्या चाचणीत शंभरांपैकी ३९ कैदी दोषी आढळले. शंभर वर्षांहून जुना, देशातल्या सर्वांत धोकादायक गुन्हेगारांसाठी राखलेला हा तुरुंग. आणि त्याची ही कथा!

एक दार आम्ही अजून उघडलेच नाही. ते म्हणजे पगारी माणसाचे. त्याला कुठल्याही यंत्राची भीती नसते, कारण बरेचदा यंत्रापाशी तोच उभा असतो. आपल्याकडचा १८९४ चा तुरुंग कायदा करणाऱ्या इंग्रजाला याची पुरती कल्पना होती. त्या कायद्याच्या ४२ व्या कलमात निषिद्ध वस्तू आत नेणाऱ्याबरोबर, ती जाणूनबुजून जाऊ देणाऱ्या तुरुंगाच्या नोकरालाही गोवले आहे. शिक्षा किती? सहा महिनेपर्यंत कैद, किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८९४ साली २०० रुपये हा आकडा ऐकून शिपायाच्या पोटात गोळा आला असेल. पुढे काही राज्यांनी शिक्षा वाढवल्या, पण मूळ कायद्याच्या पुस्तकात तो आकडा कित्येक दशके तसाच छापला जात राहिला. आज त्या रकमेत चार माणसांचा धड चहा-नाश्ताही होत नाही.

तरीही शिपायाला एकट्याला चोर ठरवून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. इंग्लंडात २०१० नंतरच्या काटकसरीत बराकीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या तुरुंगरक्षकांची संख्या सुमारे चौथ्या हिश्श्याने घटली. जुनी, जाणती माणसे गेली. कोणाचा चेहरा उतरला आहे, कोण कोणाला टाळतो आहे, कोणाची चप्पल अचानक नवी झाली आहे, हे यंत्राला दिसत नाही. वीस वर्षे त्याच बराकीत फिरलेल्या हवालदाराला दिसते. स्पाइसचा कहर नेमका याच वर्षांत झाला. कैदी दिवसाचे बावीस-बावीस तास कोठडीत, काम नाही, शाळा नाही, बोलायला माणूस नाही. अशा माणसाला वेळ मारायला काही हवे असते, आणि कागदाचा टिकलीएवढा तुकडा ते काम करतो.

२०१८ च्या ऑगस्टात तेथील तुरुंगमंत्री रोरी स्ट्युअर्ट यांनी दहा तुरुंग निवडले आणि जाहीर केले की वर्षभरात येथली नशा व मारामाऱ्या कमी झाल्या नाहीत तर आपण राजीनामा देऊ. शरीराच्या आतले दाखवणारी क्ष-किरण यंत्रे आली, कुत्री आली. पण त्याबरोबर फुटक्या खिडक्या दुरुस्त झाल्या, भिंती धुतल्या गेल्या, आणि रक्षकांना कैद्याशी रोज कसे वागावे याचे साधे धडे पुन्हा गिरवायला लावले. वर्षाअखेर मारामाऱ्या घटल्या आणि चाचणीत सापडणारेही घटले. मंत्रिमहाशयांवर राजीनाम्याची वेळ आली नाही. खरे म्हणजे वर्ष पुरे व्हायच्या आतच त्यांना दुसरे खाते मिळाले होते! त्यांचा प्रयोग लहान होता, दहाच तुरुंगांचा. पण यंत्र आणि माणूस दोघांनाही एकाच वेळी जागेवर उभे केले की फरक पडतो, एवढे त्यातून दिसले.

येथवर आम्ही आत जाणाऱ्या मालाविषयी बोललो. ज्याच्यासाठी तो माल जातो त्या माणसाकडे आता वळतो. बाईंचा प्रश्न मालाविषयी नव्हताच.

गर्दाची सवय झालेला तरुण तुरुंगात पहिली रात्र कशी काढतो, हे ज्यांनी पाहिले आहे ते विसरत नाहीत. आपल्याकडची पोरे त्याला टर्की म्हणतात. नाका-डोळ्यांतून पाणी, पोटात पेटके, हाडे आतून कुरतडल्यासारखी, झोप नाही. त्या रात्री त्याला कोणी चिमूटभर आणून दिले तर तो त्याचा जन्माचा ऋणी होतो, आणि तुरुंगात ऋण फेडण्याचे मार्ग फार वाईट असतात. पुढच्या मुलाखतीला येणाऱ्या आईच्या पिशवीतून काय यावे, हे मग तोच सावकार ठरवतो. माल आत आणणारी कितीतरी माणसे गुन्हेगार नसतात; ती घाबरलेल्या कैद्यांची घाबरलेली माणसे असतात.

स्कॉटलंडातील ग्लेनोकिल तुरुंगात १९९३ साली सुया वाटून वापरल्याने कैद्यांत एचआयव्हीची लागण पसरली. स्वित्झर्लंडात त्याच सुमारास एका तुरुंगाच्या डॉक्टरने, फ्रान्झ प्रोब्स्ट त्यांचे नाव, १९९२ पासून कैद्यांना स्वच्छ सुया स्वतःच देण्यास सुरुवात केली होती. आणि १९९४ मध्ये हिंडेलबँकच्या महिला तुरुंगात सरकारी परवानगीने जुनी सुई घातली की नवी बाहेर पडते असे यंत्र बसले. हे आपल्याकडे आणावे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या मनालाही ते सहज रुचले नाही. पण नशा आत आहे हे कबूल करण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, आणि त्या सुया कोणी शस्त्र म्हणून वापरल्या नाहीत, की नशा वाढली नाही, असे तेथील पाहणीत आढळले.

आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते ते औषध. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरल्या मात्रेत दिली की टर्की येत नाही, आणि गर्दाची ओढही मंदावते. दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ पासून ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सुरू झाला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने २०१६ मध्ये आपल्या सर्व तुरुंगांत गरजू कैद्याला हे उपचार खुले केले. त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत राज्यात नशेच्या अतिमात्रेने जे लोक मेले त्यांत नुकतेच सुटलेले २६ जण होते. पुढच्या वर्षी त्याच काळात ते ९ झाले. या औषधाचीही चोरी होते, हे आम्ही लपवत नाही. जिभेखालची गोळी गालात दाबून ठेवायची आणि बाहेर येऊन विकायची, हे इंग्रजी तुरुंगांत सर्रास चालले. म्हणून गोळी भुकटी करून देतात आणि विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवतात. स्कॉटलंडने २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, महिनाभर पुरणारे इंजेक्शन वापरायला घेतले. त्यात गालात लपवायला काहीच उरत नाही.

आमच्या पुण्यात येरवड्याला मोठे कारागृह आहे, आणि त्याच येरवड्यात १९८६ साली डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. एका ठिकाणी माणूस कोंडून नशा थांबेल अशी आशा, आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाशी बोलून, त्याच्या घरच्यांना सोबत घेऊन नशा सुटेल असा उद्योग. या दोहोंमध्ये अंतर फारसे नाही. तरी त्या वाटेने किती थोडी माणसे जातात!

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. समजा, मुलाला आत खरोखरच काही मिळाले नाही. झडती कडक, शिपाई इमानी, यंत्रे नवीन. सहा महिन्यांनी मुलगा सुटला. अंगावर मांस चढले आहे, डोळे स्वच्छ आहेत. आईने देवाला नारळ फोडला. वस्तुतः त्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा आठवडा याच दिवशी सुरू होतो. नशेची सवय शरीर विसरते. मन विसरत नाही. पूर्वी जी मात्रा त्याला जेमतेम पुरत असे, तीच आता त्याचा श्वास थांबवते. इंग्लंड-वेल्समध्ये १९९८ ते २००० या काळात सुटलेल्या सुमारे ४९ हजार कैद्यांचा अभ्यास झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात नशेने मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या तुलनेत पुरुषांना २९ पट आणि स्त्रियांना ६९ पट होता. कडेकोट तुरुंगातून, उपचारावाचून, नुसता रिकामा करून सोडलेला माणूस हा असा असतो.

हे कळल्यावर इंग्लंडने २०२३ मध्ये एक छोटासा कायदा केला. शुक्रवारी सुटका आली तर दवाखाने आणि कचेऱ्या दोन दिवस बंद, आणि माणूस रस्त्यावर. म्हणून अशांना एक-दोन दिवस आधी सोडता येईल अशी सोय केली. आपल्याकडे ही सोयही लावता येत नाही, कारण आपल्या तुरुंगांतली बहुतेक माणसे शिक्षा भोगणारी नाहीतच. २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, जागा होती ४,३६,२६६ ची. आणि शंभरातले जवळजवळ ७६ जण कच्चे कैदी होते. कच्च्या कैद्याची सुटकेची तारीख कोणालाच ठाऊक नसते. कोर्टात जामीन होतो, कागद तुरुंगात पोहोचतो, आणि माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी फाटकाबाहेर येतो. म्हणून आपल्याकडे उपचार सुटकेच्या तोंडावर करू म्हणून चालत नाही. तो आत गेल्याच्या पहिल्या रात्री, टर्कीच्या रात्रीच, सुरू व्हावा लागतो. आणि जामिनाचा कागद निघाला की वकिलाने आधी फोन करावा तो घरी.

त्या बाई आज या सभेत नाहीत. असत्या तर आम्ही त्यांना म्हटले असते, बाई, पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा तो काही पाठवा म्हणाला, तर नेऊ नका, पण त्याच्यावर रागावूही नका. कोणाचे देणे झाले आहे का ते हळूच विचारा. तुरुंगाच्या डॉक्टरांना भेटायची अर्जी करा, आणि याला गर्दाची सवय आहे हे लाज न धरता सांगा. वकिलाकडे आपला नंबर लिहून ठेवा. आणि तो सुटेल त्या दिवशी, दुपार असो की रात्र, फाटकाशी तुम्ही स्वतः उभ्या राहा. त्याचे जुने मित्र तेथे तुमच्या आधी पोहोचलेले असतील.